‘रोहिणी गुरूपेक्षा पासष्ट वर्षांनी मोठी’: एका उत्तराचा प्रकरण अभ्यास

गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवते. जानेवारी २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात आम्ही शाळेच्या मैदानावर आकाशदर्शन ठेवलं होतं. अमावास्या जवळ आल्यामुळे आकाश काळंभोर होतं. गुरू त्या दिवसांत वृषभ राशीत होता, रोहिणीच्या अगदी शेजारी. मी मुलांना दोन्ही दाखवले आणि सांगितलं, की गुरू आज आपल्यापासून साधारण ३७ प्रकाशमिनिटांवर आहे आणि रोहिणी ६५ प्रकाशवर्षांवर. जे पाहिलं त्यावर पाच ओळी लिहून आणा, असंही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी नववीतल्या एका मुलीच्या वहीत हे वाक्य होतं: ‘रोहिणी गुरूपेक्षा पासष्ट वर्षांनी मोठी आहे.’

ही मुलगी निष्काळजी नाही. आकडा तिनं बरोबर टिपला होता, दोन्ही नावं बरोबर होती. वाक्यही व्याकरणात बसणारं, आत्मविश्वासानं लिहिलेलं. म्हणूनच मला ते उत्तर लाल पेनानं खोडून पुढे जाववलं नाही. बाकीच्या वह्या चाळल्या तेव्हा दिसलं, की अर्ध्याहून जास्त वर्गानं प्रकाशवर्ष हे काळाचं माप धरलेलं आहे. कुणी ‘रोहिणी ६५ वर्षांनी उगवेल’ लिहिलं होतं, कुणी ‘६५ वर्षांपूर्वी तिचा शोध लागला’. चुका वेगवेगळ्या असल्या तरी मूळ एकच होतं.

पुढच्या तीन महिन्यांत या एका वाक्याचा पाठपुरावा करताना काय काय केलं, काय फसलं आणि काय लागू पडलं, ते इथे मांडते आहे. मुलीचं नाव देत नाही. तिच्या आणि तिच्या आजोबांच्या परवानगीनं लिहिते आहे.

पहिले दोन प्रयत्न

पहिल्यांदा मी तेच केलं जे आपण सगळे शिक्षक करतो. फळ्यावर व्याख्या लिहिली: निर्वात पोकळीत प्रकाश एका वर्षात जेवढं अंतर कापतो त्याला एक प्रकाशवर्ष म्हणतात. शेजारी गणित मांडलं. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर धरला, तर मिनिटाला १ कोटी ८० लाख, तासाला १०८ कोटी, दिवसाला २,५९२ कोटी आणि ३६५.२५ दिवसांच्या वर्षाला ९,४६,७२८ कोटी किलोमीटर. काटेकोर वेग, म्हणजे सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटर घेतला, तर उत्तर थोडं खाली येऊन ९,४६,०७३ कोटी होतं. म्हणजे ढोबळ मानानं साडेनऊ लाख कोटी किलोमीटर.

मुलांनी हे उतरवून घेतलं आणि आठवड्यानं घेतलेल्या तोंडी परीक्षेत व्याख्या धडाधडा म्हणूनही दाखवली. मग मी विचारलं, ‘रोहिणी तुझ्या आजोबांपेक्षा मोठी की लहान, हे ६५ या आकड्यावरून सांगता येईल का?’ त्या मुलीनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, ‘आजोबा एकाहत्तरचे आहेत, टीचर. म्हणजे रोहिणी लहान.’ व्याख्या पाठ होती आणि समजूत तिच्याखाली तशीच शाबूत होती.

दुसऱ्यांदा मी रोजच्या बोलण्याचा आधार घेतला. आपण म्हणतोच ना, ‘पणजी इथून तासाभरावर आहे’? तास हे काळाचं माप, पण आपण त्यातून अंतर सांगतो. प्रकाशवर्षाचंही तसंच. मला वाटलं, आता गाडी रुळावर आली. मुलीनं हात वर केला. तिची मावशी रायबंदरला राहते, मयेहून चोडणमार्गे फेरीबोटीनं तिकडे जावं लागतं. ती म्हणाली, ‘फेरी चुकली की अर्धा तास जास्त लागतो. त्या दिवशी मावशीचं घर लांब जातं का?’

वर्ग हसला, पण मला तो आक्षेप शंभर टक्के रास्त वाटला. वेळेवरून अंतर सांगायचं, तर जाणाऱ्याचा वेग कधीही बदलता कामा नये. बस, फेरीबोट, पायी चालणारा माणूस, कुणीच या कसोटीला उतरत नाही. निर्वात पोकळीतला प्रकाश मात्र उतरतो, आणि इतका पक्का उतरतो की १९८३ पासून खुद्द मीटरची व्याख्याच प्रकाशावर बेतलेली आहे: प्रकाश सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढं जातो तो एक मीटर. म्हणजे आपल्या हातातली फूटपट्टी हीसुद्धा प्रकाशाच्याच वेळेवर आखलेली. हे मी वर्गात सांगितलं. माझी उपमा मोडली ती नेमकी जिथे प्रकाश आणि फेरीबोट वेगळे होतात तिथेच, आणि ती मोडणारी नववीतली मुलगी होती, याचा मला मनापासून आनंद झाला.

मराठीच्या सरांची मदत

आमच्या शाळेत येणारी बरीच मुलं मराठी प्राथमिक शाळांतून येतात आणि पाचवीपासून विज्ञान-गणित इंग्रजीतून शिकतात. मला वाटत होतं की गोंधळ या भाषाबदलाचा असेल. स्टाफरूममध्ये मराठीच्या सरांपाशी हे बोलले, तर त्यांनी वही उघडून तो शब्दच माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, ‘मॅडम, शब्दाचा शेवट बघा. मराठी मुलाचा कान शेवटच्या पदावर जातो. राजवाडा हा वाडा असतो, पोळपाट हा पाट असतो, आर्थिक वर्ष हे वर्ष असतं. मग प्रकाशवर्ष हे वर्षच असणार. मुलगी मराठी अचूक वाचते आहे.’

आणि मग त्यांनी जे केलं ते मला एकटीला कधी सुचलं नसतं. त्यांच्या तासाला समास चालू होता. त्यांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले: नीलकमल आणि नीलकंठ. नीलकमल म्हणजे निळं कमळ, वस्तू कमळच. पण नीलकंठ म्हणजे निळा कंठ नव्हे. ज्याचा कंठ निळा आहे तो, म्हणजे शंकर. दोन्ही पदं बाजूला राहतात आणि अर्थ तिसऱ्याच गोष्टीवर जाऊन बसतो. हा बहुव्रीही. खाली त्यांनी प्रकाशवर्ष लिहिलं आणि विचारलं, ‘हा नीलकमलाच्या घरातला की नीलकंठाच्या?’

काटेकोर वैयाकरण या वर्गीकरणावर वाद घालू शकेल. मला तो वाद मान्य आहे. पण वर्गात त्या दिवसापासून ‘नीलकंठवाला शब्द’ हा परवलीचा शब्द झाला. कुणी चुकून रोहिणीचं वय काढायला लागलं, की मागच्या बाकावरून आवाज येई, ‘नीलकंठ!’ इंग्रजी ‘लाइट इयर’लाही शेवटी इयरच आहे, तेव्हा भाषाबदलावर ठेवलेला माझा ठपका चुकीचाच होता. त्या जोडशब्दात ‘अंतर’ हे पद कुठेच उच्चारलेलं नाही, आणि गोंधळ तिथून येतो.

‘तिथे टेप कोणी लावली?’

शब्द जागेवर बसला तसा मुलीनं खरा प्रश्न विचारला. तो ऐकल्यावर मला कळलं, की इतके दिवस मी उंबरठ्यावरच घुटमळत होते. तिनं विचारलं, ‘पण टीचर, अंतर आहे म्हणता, तर ते मोजलं कुणी? तिथे टेप कोणी लावली?’

या प्रश्नासाठी मी तीन आठवडे दिले. अभ्यासक्रम मागे पडला, त्याचं मला वाईट वाटत नाही.

सुरुवात अंगठ्यानं केली. हात लांब करून अंगठा धरायचा, एकदा डावा डोळा मिटायचा, एकदा उजवा. मागच्या भिंतीवर अंगठा उडी मारतो. अंगठा जवळ आणला की उडी मोठी, लांब नेला की छोटी. या उडीला मराठीत पराशय म्हणतात. उडी किती ते कोनात मोजलं आणि दोन डोळ्यांतलं अंतर माहीत असलं, की अंगठा किती लांब आहे ते टेप न लावता सांगता येतं.

कोन मोजायला आम्ही महागडं काही आणलं नाही. फूटपट्टीच्या मध्याला दोरा बांधला आणि डोळ्यापासून पट्टी बरोबर ५७ सेंटिमीटरवर राहील अशी दोऱ्याला गाठ मारली. गाठ गालाच्या हाडाला टेकवायची आणि दोरा ताणून पट्टी समोर धरायची. या अंतरावर पट्टीवरचा एक सेंटिमीटर म्हणजे एक अंश, एक मिलिमीटर म्हणजे अंशाचा दहावा भाग. ५७ हा आकडा भूमितीतून येतो: वर्तुळाची त्रिज्या ५७.३ सेंटिमीटर घेतली, तर परिघावरचा एक अंशाचा तुकडा एक सेंटिमीटरचा होतो.

मैदानावर ध्वजस्तंभ पन्नास मीटरवर येईल अशी जागा टेपनं मोजून घेतली. मागे दूर डोंगरावर मोबाईलचा टॉवर दिसतो. स्तंभ आणि टॉवर एका रेषेत दिसतील तिथे एक खूण, तिथून काटकोनात पाच मीटर सरकून दुसरी. दुसऱ्या खुणेवरून स्तंभ टॉवरपासून बाजूला सरकलेला दिसतो. किती सरकला ते पट्टीवर वाचायचं. बहुतेक गटांना साडेपाच ते सहा अंश आले, म्हणजे अंतर ५२ ते ४८ मीटर. मुलं टेपकडे बघत होती आणि दोऱ्याकडे बघत होती. पाचऐवजी एकच मीटर सरकून पाहिलं तेव्हा मात्र उत्तरं ३५ पासून ८० पर्यंत विखुरली. कोन इतका बारीक झाला की हाताच्या थरथरीनंच तो गिळला. पाया जेवढा रुंद, तेवढं माप भरवशाचं, हे मी सांगण्याआधीच मुलं म्हणू लागली, ‘टीचर, अजून लांब सरकूया.’

मग एका शनिवारी आम्ही मयेच्या तळ्यावर गेलो. चिंचोळ्या बाजूला पलीकडच्या काठावर एक माड निवडला; त्याच्या मागे रेषेत इथेही एक टॉवर होता. मध्ये पाणी, तेव्हा टेपचा प्रश्नच नव्हता. पाया दहा मीटर. गटांची वाचनं ४.३ पासून ५.४ अंशांपर्यंत आली; सरासरी ४.८. त्यावरून माड ११९ मीटरवर निघाला. मोबाईलच्या नकाशावर मोजलं तर ११३.

माझ्या दृष्टीनं हा निकाल झकास होता आणि मी तसं म्हणालेही. ती मुलगी मात्र गप्प उभी होती. सहा मीटर कुठे गेले, हे तिला कळत नव्हतं. मी हाताची थरथर वगैरे सांगितलं. ती म्हणाली, ‘थरथर असती तर कुणाचं कमी, कुणाचं जास्त आलं असतं. सरासरी नीट यायला हवी होती.’ मग जरा वेळानं म्हणाली: ‘आपण सरकलो तेव्हा मागचा टॉवरसुद्धा थोडा सरकला असेल ना? तो काही फार लांब नाही.’

टॉवर नकाशावर तीन किलोमीटरवर होता. दहा मीटरच्या पायाला तीन हजार मीटरवरची वस्तू सुमारे ०.१९ अंश सरकते. ४.८ मध्ये तो मिळवला तर ४.९९, आणि अंतर साडेएकशे चौदा मीटर. नकाशापासून दीड मीटर इकडे. पंचवीस वर्षांच्या नोकरीत तळ्याच्या काठावर माझे डोळे कधी भरून आले नव्हते.

कारण तिनं जी शंका काढली, तीच ताऱ्यांची अंतरं मोजणाऱ्यांपुढची खरी अडचण होती. फ्रीडरिख बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञानं १८३८ मध्ये हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचं अंतर जाहीर केलं. ताऱ्याचं अंतर असं पटेल अशा रीतीनं पहिल्यांदा बाहेर आलं ते हे. त्याचा पाया होता पृथ्वीची कक्षा. सूर्य आपल्यापासून सुमारे १४ कोटी ९६ लाख किलोमीटरवर. म्हणजे आज आणि सहा महिन्यांनी आपण ज्या दोन जागी असतो त्यांच्यात जवळजवळ ३० कोटी किलोमीटर. आमच्या दहा मीटरच्या जागी हे. आणि टॉवरच्या जागी मागचे फिकट तारे, जे इतके दूर आहेत की त्यांची स्वतःची उडी नगण्य असावी, अशी अपेक्षा. बेसेलनं हाच तारा का निवडला? तो बाकीच्या ताऱ्यांच्या मानानं आकाशात भराभर जागा बदलतो, वर्षाला पाच विकलांहून जास्त. भराभर सरकतो त्याअर्थी जवळ असावा, हा त्याचा तर्क होता, आणि तो बरोबर ठरला.

अंश, कला, विकला हे शब्द मी फळ्यावर लिहिले तेव्हा मुलगी म्हणाली, ‘हे आजोबांच्या पंचांगात असतं.’ असतंच. एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला. म्हणजे आमच्या पट्टीवरच्या एका सेंटिमीटरचे ३,६०० भाग. बेसेलला मिळालेला कोन, म्हणजे सहा महिन्यांतल्या पूर्ण उडीचा निम्मा भाग, ०.३१ विकला होता. आपल्याला सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्झिमा. त्याचाही कोन अवघा ०.७७ विकला. दहा रुपयांचं नाणं डिचोलीत धरायचं आणि साधारण सात किलोमीटरवरच्या साखळी गावाहून बघायचं, तेव्हा ते जेवढं दिसेल तेवढा. आमच्या दोऱ्याच्या पट्टीवर हा कोन दोन सहस्रांश मिलिमीटरचा होतो, डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा साधारण तिसावा भाग. दोन हजार वर्षं लोक म्हणत होते, की पृथ्वी फिरत असती तर तारे हलताना दिसले असते. हलत होतेच, पण केसाच्या तिसाव्या भागाएवढे.

बेसेलच्या कोनावरून अंतर निघालं सूर्याच्या अंतराच्या साडेसहा लाख पटींहून जास्त. असा आकडा डोळ्यांपुढे आणायचा कसा? त्यानं सोबत सांगितलं, की हे अंतर कापायला प्रकाशाला १०.३ वर्षं लागतात. आजचं माप ११.४ आहे, इतक्या जुन्या दुर्बिणीतून हे जमणं थोर आहे. प्रकाशवर्ष हा शब्द त्यानंतर काही वर्षांनी, १८५१ मध्ये, जर्मन भाषेत सामान्य वाचकांसाठी लिहिणाऱ्या एका लेखकानं वापरला. आधी मोजलं, मग कळावं म्हणून शब्द आला. मी वर्गात शब्द आधी दिला होता. खगोलशास्त्रज्ञ आपसात बोलताना जास्त करून पार्सेक वापरतात. तो थेट मोजणीतून येतो: कोन एक विकला असेल तर अंतर एक पार्सेक, म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं. कोन अर्धा झाला की अंतर दुप्पट.

अंतरं मोजण्याच्या शिडीच्या बाकीच्या पायऱ्या वर्गात घाईनंच झाल्या. १९६१ मध्ये शुक्रावर रडारच्या लहरी आदळवून, त्या परत यायला किती वेळ लागतो त्यावरून सूर्यमालेची मापं पक्की केली. चंद्रावर १९६९ पासून ठेवलेल्या आरशांवर लेसर टाकून त्याचं अंतर सेंटिमीटरपर्यंत मोजतात. तो दरवर्षी ३.८ सेंटिमीटर लांब जातो आहे. गाया या युरोपीय उपग्रहानं दीडशे कोटींच्या आसपास ताऱ्यांचे पराशय मोजले. जिथे पराशयही पुरत नाही तिथे हेन्रिएटा लेविट यांनी दाखवून दिलेले, ठरावीक लयीत तेज कमीजास्त होणारे तारे कामी येतात; १९२३ मध्ये एडविन हबल यांना असा एक तारा देवयानी दीर्घिकेत सापडला आणि ती आपल्या आकाशगंगेबाहेर असल्याचं कळलं. आज तिचं अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं मानतात.

गोव्याएवढं एक प्रकाशवर्ष

साडेनऊ लाख कोटी हा आकडा ऐकून मुलांच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. भास्कराचार्यांच्या मोजणीत ते साडेनऊ महापद्म होतं. कानाला गोड लागतं, पण डोळ्यांपुढे तरीही काही उभं राहत नाही. म्हणून मैदानावर प्रमाण ठरवलं: पृथ्वी ते सूर्य म्हणजे एक मीटर. सूर्य एका मोठ्या हरभऱ्याएवढा, नऊ मिलिमीटरचा. पृथ्वी एक मीटरवर, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल असा धुळीचा कण. नेपच्यून ३० मीटरवर. १९७७ मध्ये निघालेलं व्हॉयेजर-१ हे यान १६५ मीटरच्या थोडं पुढे, म्हणजे आमच्या कुंपणाबाहेर.

या प्रमाणात प्रकाश सेकंदाला दोन मिलिमीटर जातो, पावसाळ्यात कुंपणावर दिसणाऱ्या गोगलगायीच्या चालीनं. त्याच चालीनं तो वर्षभर अखंड चालत राहिला तर ६३ किलोमीटर जातो. गोव्याची समुद्रापासून घाटापर्यंतची जास्तीत जास्त रुंदी सुमारे ६५ किलोमीटर आहे. हा योगायोग मला गणित करताना सापडला आणि मी ते दोनदा तपासून पाहिलं. एक प्रकाशवर्ष म्हणजे गोवा आडवा ओलांडणं. प्रॉक्झिमा २६८ किलोमीटरवर: डिचोलीहून सरळ उत्तरेला गेलं तर वाई ओलांडून पुढे. मधल्या सगळ्या वाटेवर एकही दुसरा सूर्य नाही.

मग मी वहीतलं ते जुनं वाक्य काढलं. गुरू त्या रात्री या प्रमाणात साडेचार मीटरवर होता. आणि रोहिणी? मुलीनं ६५ ला ६३ नं गुणलं आणि थांबली. ४,१०० किलोमीटर. काश्मीर ते कन्याकुमारीपेक्षाही जास्त. ‘आणि आपल्याला दोघं शेजारी दिसली,’ ती म्हणाली.

नारळ

एक गाठ उरली होती. अंतर समजलं, तरी ‘६५ वर्षांपूर्वीचा प्रकाश’ हे पुन्हा काळच झालं. मग काळाचा आणि अंतराचा संबंध आहे की नाही? इथे मी काही केलं नाही. उत्तर तिच्या घरून आलं.

तिच्या आजोबांचं कुळागर आहे. माडांवरून नारळ पाडायला पाडेली आला होता. लांबच्या टोकाला नारळ जमिनीवर आदळताना दिसतो आणि ‘धप्प’ मागाहून ऐकू येतं, हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं. त्या दिवशी तिनं ते लक्ष देऊन पाहिलं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. दीडएकशे मीटरवरच्या नारळाचा आवाज अर्ध्या सेकंदाच्या जरा आत पोचतो. तिनं वर्गात येऊन सांगितलं, ‘धप्प ऐकू येतं तेव्हा नारळ आधीच पडून गेलेला असतो. उशीर नारळाला होत नाही, बातमीला होतो.’ आजोबांनी त्यावर भर घातली होती, की म्हणूनच ‘हाकेच्या अंतरावर’ म्हणतात. हाक पोचते तेवढं ते अंतर.

मी इतकी वर्षं ‘हाकेच्या अंतरावर’ म्हणत आले, आणि प्रकाशवर्ष त्याच जातीचा शब्द आहे हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

प्रकाशाची बातमीही उशिरा पोचते, हे पहिल्यांदा लक्षात आलं ते गुरूमुळेच. ओले रोमर यांनी १६७६ मध्ये दाखवलं, की गुरूच्या आयो या चंद्राची ग्रहणं पृथ्वी गुरूपासून दूर असताना उशिरा दिसतात. ग्रहणं वेळेवरच लागतात. उजेडाला जास्त वाट चालावी लागते. मुलीनं हे वाचून वहीच्या समासात लिहिलं होतं, ‘नारळ’.

काय बदललं, काय नाही

मार्चमध्ये मी पुन्हा त्याच वर्गाला लेखी प्रश्न दिले. व्याख्या विचारली नाही. एक वाक्य देऊन चूक शोधायला सांगितली: ‘अभिजित तारा २५ प्रकाशवर्षांवर असल्यामुळे तो आपल्याला २५ वर्षांनी दिसेल.’ बहुतेकांना चूक सापडली, आणि का चूक तेही लिहिता आलं. काही मुलं अजूनही अडखळली. त्यातली जवळजवळ सगळी मयेच्या तळ्यावर न आलेली होती, म्हणून एप्रिलमध्ये त्यांना घेऊन पुन्हा गेले. गोगलगायीमुळे एक नवी चूकही जन्माला आली: दोघांनी प्रकाश हळू चालतो असं लिहिलं. प्रमाणाच्या खेळात अंतर लहान होतं, सेकंद मात्र तोच राहतो, हे पुढच्या वेळी मी आधी बोलेन. आणि आकाशदर्शनाच्या रात्री पहिल्याच दमात प्रकाशवर्षांचे आकडे सांगणार नाही. आधी दोरा आणि पट्टी हातात देईन.

एप्रिलची रात्र

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, अमावास्येच्या आसपास, मुलीचे आजोबा आम्हा काही जणांना गावामागच्या सड्यावर घेऊन गेले. गोवा विषुववृत्तापासून साडेपंधरा अंशांवर असल्यामुळे आपल्याला दक्षिणेचं जे आकाश दिसतं ते उत्तर भारतात नीट दिसत नाही. रात्री बाराच्या सुमारास नरतुरंगातला मित्र तारा दक्षिण क्षितिजावर आला. त्याच्या उजवीकडे मित्रक, पुढे त्रिशंकू. मित्र खरं तर जोडतारा आहे, आणि हे १६८९ मध्ये रिशो या जेझुइट पाद्रींनी पुदुचेरीहून दुर्बिणीतून ओळखलं होतं. प्रॉक्झिमा त्याच कुटुंबातला, पण नुसत्या डोळ्यांना न दिसणारा.

मुलीनं दोऱ्याची गाठ गालाला टेकवली, पट्टी उभी धरली आणि क्षितिजापासून तारा मोजला. साडेबारा सेंटिमीटर. साडेबारा अंश. आजोबांनी पट्टी मागून घेतली आणि स्वतः मोजून पाहिलं. ‘बाई, हा किती लांब?’ त्यांनी मला विचारलं. मी तिच्याकडे बघितलं.

‘चार आणि थोडी प्रकाशवर्षं, आजोबा. म्हणजे गोवा चार वेळा ओलांडायचा, गोगलगायीनं.’ मग ती बोटांवर मोजायला लागली. एप्रिल २०२५ मधून चार वर्षं आणि चार महिने मागे. ‘हा उजेड निघाला डिसेंबर २०२० मध्ये. मी पाचवीत होते. शाळा बंद होती, मोबाईलवर शिकत होतो.’

आजोबा म्हणाले, ‘त्याच महिन्यात गुरू-शनी एकत्र आले होते. अंगणातून दाखवले होते तुला. चिकटलेले.’

‘चिकटलेले नव्हते,’ ती म्हणाली. बॅटरीच्या उजेडात तिनं वही गुडघ्यावर घेतली आणि त्या रात्रीचा गुरू किती मीटरवर, शनी किती मीटरवर, ते मांडायला बसली.